टॉवर आणि रडारवर बसणाऱ्यांनो, या चुका टाळा: मंजुरी बरोबर असूनही विमानं जवळ का येतात

सिंधुदुर्गातल्या चिपीला प्रवासी विमानं ऑक्टोबर २०२१ पासून उतरू लागली. जानेवारी २०२३ मध्ये गोव्यातलं मोपा सुरू झालं, डिसेंबर २०२५ मध्ये नवी मुंबई. दाभोळी नौदलाकडे आहे, रत्नागिरीला तटरक्षक दल आहे. पनवेल ते वास्को या पट्ट्यावरचं आभाळ आता पूर्वीइतकं मोकळं राहिलेलं नाही, आणि ते सांभाळणाऱ्या एअर ट्रॅफिक कंट्रोलरच्या खुर्चीवर बसायचं म्हणून अलिबाग, चिपळूण, कुडाळ, सावंतवाडीत कितीतरी मुलंमुली अभ्यासाला लागली आहेत. एअरपोर्ट्स ऑथॉरिटीच्या ज्युनिअर एक्झिक्युटिव्ह परीक्षेची तयारी करणारे काही जण माझ्याकडे येतात, कारण मी टॉवर आणि रडार दोन्हीकडे काम करून निवृत्त झालो आणि गावी येऊन राहिलो. ते अभ्यासक्रमाचं विचारतात. मला मात्र त्यांच्याशी बोलायचं असतं ते प्रयागराज किंवा गोंदियाचं प्रशिक्षण संपल्यानंतरच्या दिवसांबद्दल, जेव्हा कानाला हेडसेट लागतो आणि पडद्यावरच्या प्रत्येक ठिपक्यात खरी माणसं बसलेली असतात.

नियम सगळ्यांना पाठ असतात. रडारखाली मार्गावर ५ नॉटिकल मैल, विमानतळाजवळ ३, उभ्या दिशेनं १,००० फूट, पुढे जड विमान असेल तर त्याच्या पंखांमागच्या भोवऱ्यासाठी आणखी जास्त अंतर. हे ज्याला येत नाही तो पोझिशनवर, म्हणजे कंट्रोलरच्या कामाच्या जागेवर, बसूच शकत नाही. तरीही विमानं जवळ येतात. मोठ्या अपघातांचे अहवाल वाचत गेलो तसं माझं एक मत पक्कं झालं: कंट्रोलर बहुतेक वेळा चुकतो तो माहिती नसल्यामुळे नव्हे, तर काय ऐकू येणार आणि काय दिसणार हे त्याच्या मनानं आधीच ठरवून टाकलेलं असतं म्हणून. आणि सुधारायला वेळ अगदी थोडा असतो. ताशी ४८० नॉटिकल मैल वेगानं समोरासमोर येणारी दोन विमानं ५ मैलांचं अंतर २० सेकंदांच्या आत संपवतात. म्हणून मनावर विसंबायचं नाही. हाताला, डोळ्याला आणि जिभेला अशा सवयी लावायच्या की मन भरकटलं तरी काम थांबणार नाही.

रीडबॅक ऐकला, असं वाटणं

सूचना मिळाली की पायलट ती परत म्हणून दाखवतो, हा रीडबॅक. तो बरोबर आहे का हे तपासायचं काम कंट्रोलरचं. साखळी तुटते ती सर्वांत जास्त इथेच.

समजा, गोव्याकडे जाणारं एक विमान खाली येतंय आणि १४० वर (म्हणजे साधारण १४,००० फुटांवर) दुसरं विमान त्याची वाट ओलांडणार आहे. तुम्ही म्हणता, "डिसेंड टु फ्लाइट लेव्हल वन फाइव्ह झीरो." उत्तर येतं, "डिसेंडिंग फ्लाइट लेव्हल वन थ्री झीरो." आवाज स्वच्छ आहे, खरखर नाही. पण तेवढ्यात शेजारच्या युनिटचा फोन वाजलेला असतो आणि तुमची नजर पुढच्या स्ट्रिपवर (विमानाची माहिती आणि मंजुरी लिहिलेल्या पट्टीवर) गेलेली असते. मन त्या वाक्यातलं "डिसेंडिंग" उचलतं, शेवटचा "झीरो" उचलतं आणि मधली जागा स्वतःच भरून काढतं. भरतं काय, तर तुम्ही जे सांगितलं तेच. तुम्ही गप्प राहता, पायलटला वाटतं आपण बरोबर बोललो, आणि विमान १४० मधून खाली जायला लागतं.

यावर मी नव्या मुलांना एकच गोष्ट आग्रहानं करायला लावायचो. मंजुरी दिली की पेनाचं टोक स्ट्रिपवरच्या आकड्याखाली टेकवायचं, आणि पायलट बोलत असताना एकेक अंकाखालून ते पुढे सरकवायचं. अंक जुळला की पेन पुढे. तिन्ही जुळले की टिक. स्ट्रिप आता इलेक्ट्रॉनिक असेल तर कर्सर त्या लेव्हलवर ठेवायचा आणि रीडबॅक संपेपर्यंत हलवायचा नाही. त्या चार सेकंदांत फोन वाजला तर वाजू द्यायचा. एका दमात उंची, दिशा, वेग आणि नवी फ्रिक्वेन्सी असं सगळं सांगायचं नाही. दोन गोष्टी पुरे, फार तर तीन. घाईघाईनं बोललेली लांबलचक सूचना पुन्हा सांगण्यात जो वेळ जातो, तो दोन छोट्या सूचनांपेक्षा जास्तच असतो.

आपल्याकडच्या मुलांची आणखी एक अडचण मला माहीत आहे. समोरचा पायलट परदेशी, त्याचे उच्चार वेगळे, आणि "से अगेन" म्हटलं तर आपलं इंग्रजी कच्चं आहे असं सगळी फ्रिक्वेन्सी समजेल ही भीती. ही भीती मनातून पार काढून टाका. परवान्यासाठी लागणारी इंग्रजीची पातळी तुम्ही सिद्ध केलेली असते. पुन्हा विचारणं हा कामाचा भाग आहे, आणि अनुभवी पायलटला पुन्हा विचारणारा कंट्रोलर जास्त भरवशाचा वाटतो.

याचा सराव घरी होतो. बहिणीला किंवा आजीला कागदावर चार-चार अंकी आकडे लिहून द्या. तुम्ही आकडा म्हणायचा, त्यांनी परत म्हणायचा, आणि अधूनमधून मुद्दाम एक अंक बदलायचा. शेजारी टीव्ही चालू ठेवा. एका मुलीची आजी हे इतकं मन लावून करायची की, "गो, माका चुकीचा सांगूक दी, तू आयकतंस काय नाय ता बघूया," म्हणून स्वतःच मागे लागायची. सुरुवातीला बदललेले आकडे सर्रास सुटतात. काही आठवड्यांत कान बदलतो.

रीडबॅक बरोबर आला म्हणून निर्धास्तही होऊ नका. २ जानेवारी २०२४ ला टोकियोच्या हानेदा विमानतळावर तटरक्षक दलाच्या विमानाला होल्डिंग पॉइंटपर्यंत (धावपट्टीच्या अलीकडे थांबायच्या जागेपर्यंत) यायला सांगितलं होतं, सोबत तुमचा क्रमांक पहिला असंही कळवलं होतं. रीडबॅक बरोबर होता. भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन निघालेल्या त्या विमानाच्या कप्तानाचा मात्र धावपट्टीवर जायची परवानगी मिळाली असा समज झाला. विमान जवळजवळ ४० सेकंद धावपट्टीवर उभं होतं. धावपट्टी अडली आहे हे दाखवणारी सूचना टॉवरच्या पडद्यावर आली होती, ती पाहिली गेली नाही, आणि उतरणारं प्रवासी विमान त्याच्यावर आदळलं. प्रवासी विमानातले सर्व ३७९ जण बाहेर पडले. तटरक्षक दलाच्या ६ पैकी ५ जण गेले. तोंडानं बरोबर म्हटलं म्हणजे डोक्यातही बरोबर गेलं असं होत नाही. म्हणून सूचनेत गरजेपेक्षा जास्त शब्द घालू नका, विशेषतः पायलटला ऐकावेसे वाटणारे शब्द. १९७७ मध्ये टेनेरिफच्या धावपट्टीवर दोन विमानं आदळून ५८३ माणसं गेली त्यानंतर "टेक-ऑफ" हा शब्द फक्त उड्डाणाची मंजुरी देताना किंवा ती रद्द करताना वापरायचा, एरवी "डिपार्चर" म्हणायचं असं ठरलं, ते याचसाठी. घाईत किंवा सवयीनं ही शिस्त सोडणारे सीनिअरही तुम्हाला भेटतील. त्यांचं बाकी सगळं शिका, हे शिकू नका.

मंजुरी देऊन नजर काढून घेणं

१२ नोव्हेंबर १९९६ ची चरखी दादरीची टक्कर हवेत झालेली जगातली सर्वांत मोठी टक्कर. सौदीचं विमान दिल्लीहून वर चढत होतं, त्याला १४,००० फुटांची मंजुरी होती. कझाकस्तानचं विमान उतरत होतं, त्याला १५,००० फुटांची. दोन्ही मंजुऱ्या बरोबर, मध्ये १,००० फूट. समोरून विमान येत असल्याचंही कंट्रोलरनं सांगितलं होतं. कझाक विमान १५,००० वर थांबलं नाही, आणि ३४९ माणसं गेली. तेव्हा दिल्लीच्या कंट्रोलरसमोर फक्त प्रायमरी रडार होतं. त्यावर विमान कुठे आहे ते दिसायचं, किती उंचीवर आहे ते दिसत नव्हतं. त्याला ती घसरण कळायला मार्गच नव्हता.

आज तो मार्ग आहे. ठिपक्याशेजारी उंची दिसते, चढतंय की उतरतंय ते दिसतं, आणि मोड-एस (विमानातून जादा माहिती रडारला पाठवणारी सोय) असेल तिथे पायलटनं कॉकपिटमध्ये कुठला आकडा लावलाय तेही पडद्यावर येतं. म्हणून आजची चूक वेगळी आहे: समोर दिसत असलेलं न बघणं. मंजुरी दिल्यावर थोड्या वेळानं त्या लेबलवर परत या आणि लावलेली उंची तुमच्या स्ट्रिपवरच्या उंचीशी ताडून पहा. जिथे दोन विमानं १,००० फुटांच्या फरकानं एकमेकांना ओलांडणार असतील, तिथे ओलांडून होईपर्यंत दुसरीकडे रमू नका. आणि जागा असेल तर दोघांना एकाच रेषेवर वरखाली ठेवण्यापेक्षा एकाला आधीच थोडं बाजूला वळवा. मग पायलट चुकला तरी बाजूचं अंतर शिल्लक राहतं.

बघत राहिल्यानं काय होतं याचं उदाहरण आपल्याच दाराशी आहे. डिसेंबर २०२४ मध्ये मोपाहून हैदराबादला निघालेल्या विमानानं धावपट्टीऐवजी टॅक्सीवेवरच (धावपट्टीकडे नेणाऱ्या रस्त्यावरच) धाव घ्यायला सुरुवात केली होती. टॉवरनं ते पाहिलं, थांबायला सांगितलं, विमान थांबलं. मंजुरी देऊन टॉवरनं खिडकीकडे पाठ केली असती, तर हे वाक्य मला असं लिहिता आलं नसतं.

एकसारखी कॉलसाइन्स

३१ जानेवारी २००१. जपानच्या आकाशात एकाच कंपनीची दोन विमानं, रेडिओवर त्यांना हाक मारायची नावं, म्हणजे कॉलसाइन्स, ९०७ आणि ९५८. रडारवर शिकाऊ कंट्रोलर होता. त्याला ९५८ ला खाली आणायचं होतं, तोंडून गेलं ९०७. ९०७ खाली येऊ लागलं. मग शेजारी बसलेल्या निरीक्षकानं सूत्रं हातात घेतली आणि सूचना दिली ती ९५७ ला, जे विमान तिथे नव्हतंच. शेवटच्या क्षणी ९०७ च्या कप्तानानं विमान जोरात खाली दाबलं म्हणून टक्कर टळली, पण सुमारे १०० माणसं जखमी झाली. शिकणारा आणि शिकवणारा, दोघांच्याही जिभेवर चुकीचा आकडा आला, हे लक्षात ठेवा. अनुभवानं ही चूक आपोआप जात नाही.

मुंबई-गोवा मार्गावर एकाच कंपनीची लागोपाठची विमानं असतात आणि आकडेही भावंडांसारखे. दोन सारखी कॉलसाइन्स एका फ्रिक्वेन्सीवर आली की दोघांनाही तसं सांगून टाका. त्यांच्या स्ट्रिप्सवर खूण करा, शेजारीशेजारी ठेवू नका. बोलताना नजर त्या विमानाच्या लेबलवर ठेवून कॉलसाइन वाचा. आठवणीतून म्हणू नका. फारच सारखी असतील तर एकाची कॉलसाइन तात्पुरती बदलून घ्यायची सोय नियमांत आहे, ती वापरायला कचरू नका. आणि उत्तर कुठल्या आवाजात आलं याकडेही कान असू द्या. मघाशी बाईंचा आवाज होता आणि आता पुरुषाचा आला, तर क्षणभर थांबून खात्री करा.

धावपट्टीवर कोण आहे हे डोक्यात ठेवणं

डोक्यात ठेवायचं नाही. समोर, डोळ्यांना दिसेल असं ठेवायचं.

१ फेब्रुवारी १९९१ ला लॉस एंजेलिसमध्ये कंट्रोलरनं एका लहान विमानाला धावपट्टीवर उभं राहायला सांगितलं आणि मग दुसऱ्याच एका विमानाच्या गोंधळात ती गुंतली. त्या दुसऱ्या विमानाची स्ट्रिप जागेवर नव्हती. तेवढ्यात उभ्या विमानाचा विसर पडला आणि त्याच धावपट्टीवर मोठ्या विमानाला उतरायची मंजुरी गेली. लहान विमानातले सगळे १२ जण गेले, मोठ्या विमानातले २० हून अधिक.

हे मोठ्या, गजबजलेल्या विमानतळांचं दुखणं आहे असं समजू नका. ८ जून २०२४ ला मुंबईत एक विमान उड्डाणाची धाव घेत असतानाच मागून दुसरं त्याच धावपट्टीवर टेकलं, तिथे गर्दी हे एक कारण असू शकतं. पण कमी वाहतुकीच्या विमानतळावर धोका वेगळ्या वाटेनं येतो. दोन विमानांच्या मधे दीड-दोन तास काही नसतं. मन सैल होतं, गप्पा सुरू होतात. आणि बरोबर त्याच वेळी धावपट्टीवर गाडी असते. आपल्याकडे तर असतेच: चिपीसारख्या जांभ्याच्या सड्यावर टिटव्या बसतात, कुत्री शिरतात, पावसानं पाणी साचलंय का ते बघावं लागतं, लायटी तपासाव्या लागतात. विमान आलं की सगळ्यांचं लक्ष आभाळाकडे, आणि गाडी मात्र पट्टीच्या दुसऱ्या टोकाला. मला विचाराल तर वाहतूक भरात असतानापेक्षा ती ओसरल्यावरच्या पहिल्या अर्ध्या तासाला मी जास्त घाबरतो. ताण उतरतो, लोक खुर्चीत मागे रेलतात, आणि राहून गेलेली एखादी गोष्ट तशीच राहते.

गाडी धावपट्टीवर गेली की "धावपट्टी व्यापलेली" अशी लाल स्ट्रिप समोरच्या स्ट्रिप्सच्या चौकटीत मधोमध लावा, आणि गाडीनं स्वतः "रनवे व्हेकेटेड" म्हटल्याशिवाय ती काढू नका. दुसऱ्या कुणी "गेली वाटतं" म्हटलं तर नाही. उतरायची किंवा उड्डाणाची मंजुरी देण्यापूर्वी धावपट्टी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नजरेनं पुसून घ्या, दर वेळी, एकच विमान असलं तरी. मान खरंच फिरली पाहिजे. आषाढात पाऊस असा लागतो की टॉवरच्या काचेतून निम्मी पट्टीही दिसत नाही. तेव्हा गाडीला नाव घेऊन पुन्हा विचारा, ती कुठे उभी आहे ते तिच्या तोंडून ऐका. २००१ मध्ये मिलानच्या लिनाते विमानतळावर धुक्यात लहान विमान चुकीच्या टॅक्सीवेनं धावपट्टीवर आलं, जमिनीवरचं रडार चालू नव्हतं, आणि ११८ जण गेले. दिसत नाही तेव्हा अंदाजानं पुढे जायचं नाही.

पोझिशन सोपवताना "सगळं नेहमीसारखं" म्हणणं

बेंगळुरू, ७ जानेवारी २०२२. दोन समांतर धावपट्ट्या, एकीवरून उड्डाणं, दुसरीवर उतरणं असं चालू होतं. मग शिफ्टच्या प्रमुखांनी एकच धावपट्टी वापरायची ठरवलं, आणि ते दक्षिणेच्या टॉवर कंट्रोलरपर्यंत पोचलं नाही. उत्तरेकडून एक विमान निघालं, दक्षिणेकडून दुसरं, जवळजवळ एकाच वेळी, आणि दोघं हवेत एकमेकांकडे झुकायला लागले. रडारवरच्या कंट्रोलरनं ते पाहून दोघांना वेगवेगळ्या दिशांना वळवलं. दोन्ही टॉवर कंट्रोलरनी आपापल्या माहितीप्रमाणे बरोबरच काम केलं होतं. बदल झाला हे एकाला माहीत होतं आणि दुसऱ्याला नव्हतं, एवढंच झालं.

कोकणाच्या दक्षिण टोकाला ही काळजी आणखी घ्यावी लागते. चिपी ते मोपा सरळ रेषेत ४५ किलोमीटरच्या आसपास, मोपा ते दाभोळी ४० च्या. ताशी २४० नॉटिकल मैलांनी येणारं विमान हे अंतर सहा मिनिटांत कापतं. पावसानं चिपी बंद झालं की विमान मोपाकडे वळतं, मोपाची रांग दाभोळीच्या वाहतुकीला लागून असते, आणि तिकडे नौदलाची स्वतःची उड्डाणं. इथे सगळं अवलंबून असतं ते फोनवरच्या दोन वाक्यांवर. पलीकडचा ओळखीचा असतो, कधी बॅचमेट असतो. "हां हां, कळलं रे, पाठव" म्हणून फोन ठेवला जातो आणि आकडा कुणी परत म्हणत नाही. पायलटकडून रीडबॅक घेता तसा फोनवरच्या माणसाकडूनही घ्या. आपसांत मराठीत बोला, हिंदीत बोला. कॉलसाइन, उंची आणि वेळ मात्र ठरलेल्या शब्दांत, एकेक अंक सुटा करून.

पोझिशन सोपवताना छापील यादी समोर ठेवा आणि तीवर बोट ठेवून बोला: धावपट्टी कुठली, क्यूएनएच (उंचीमापकात लावायचा हवेचा दाब) किती, हवामान, बंद असलेली उपकरणं, धावपट्टीवरची माणसं-गाड्या, प्रत्येक विमानाला दिलेली शेवटची मंजुरी, आणि शेजारच्या युनिटला दिलेले पण अजून पूर्ण न झालेले शब्द. यातलं शेवटचं सर्वांत जास्त वेळा राहून जातं. सोपवून झाल्यावर लगेच उठू नका, काही मिनिटं मागे उभे रहा. नव्यानं बसलेला पहिलं चित्र मनात बांधत असतो, आणि त्यात काही सुटलं तर ते तुम्हालाच दिसेल. चहा थांबेल.

पावसाळ्यातला क्यूएनएच

विमानाचं उंचीमापक हवेच्या दाबावर चालतं आणि तो दाब कंट्रोलर सांगतो. १ हेक्टोपास्कलचा फरक म्हणजे २७-२८ फूट. मे २०२२ मध्ये पॅरिसला दाब होता १००१, सांगितला गेला १०११. ढगातून उतरणारं विमान कागदावर बरोबर उंचीवर आणि प्रत्यक्षात सुमारे २८० फूट खाली होतं. जमिनीपासून ६ फुटांवर गेल्यावर ते वर उचललं गेलं, धावपट्टीच्या बरंच अलीकडे.

किनाऱ्यावर हिवाळ्यात दाब १०१० च्या वर असतो, ते आकडे जिभेला सवयीचे होतात. पावसाळ्यात तो खाली येतो आणि अरबी समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र तयार झालं की आणखी खाली. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्याला लागलं, तशा दिवशी दाब तासातासाला बदलतो. सवयीचा "वन झीरो वन" तोंडातून निघून जातो. क्यूएनएच प्रत्येक वेळी पडद्यावरून वाचून सांगा. १००० च्या खाली गेला तर आकड्यांवर जोर द्या, आणि रीडबॅकमध्ये तो आला नाही तर मागून घ्या.

गणपतीच्या ड्युट्या

हे कुठल्याही पाठ्यपुस्तकात नाही, पण मुंबईत नोकरी करणाऱ्या प्रत्येक कोकणी माणसाला कळेल. चतुर्थीला गावी जायचंच असतं. मग ड्युट्यांची अदलाबदल होते: आज तुझी संध्याकाळ मी करतो, परवा माझी सकाळ तू कर. दोन ड्युट्या जवळजवळ येतात, मधली रात्र कोकण रेल्वेत उभ्यानं किंवा महामार्गावर जाते, आणि विसर्जन करून परतलेला माणूस सकाळी रडारवर बसतो. शरीर जागं असतं, ऐकणं अर्धवट झोपलेलं असतं. आकडा कानावर पडतो आणि क्षणात पुसला जातो.

अदलाबदल करा, पण रोस्टर बघणाऱ्याच्या संमतीनं, आणि मधली विश्रांती कागदावर नव्हे तर अंथरुणावर झाली पाहिजे हे बघून. गाडी उशिरा आली, झोप झाली नाही, तर शिफ्टच्या प्रमुखाला स्पष्ट सांगा की आज मला पोझिशन देऊ नका. घरच्यांनाही हे समजावून सांगा. "एवढा काय तुझा काम" असं म्हणणारी माणसं चुकीची नसतात, त्यांना फक्त कुणी सांगितलेलं नसतं. पोझिशनवर सलग दोन तासांहून जास्त बसू नका. ब्रेक मिळाला की फोनवर बातम्या बघत बसण्यापेक्षा डोळे मिटून पडा.

अंतर तुटलंच तर

पडद्यावर कॉन्फ्लिक्ट अलर्ट, म्हणजे दोन विमानं धोकादायक जवळ येत असल्याचा इशारा, लागला. पहिली ऊर्मी येते ती "हे असं कसं झालं" हे शोधायची, आणि त्यात पाच-सात मोलाची सेकंदं जातात. ते नंतर. आधी वळवा: कॉलसाइन, "टर्न लेफ्ट इमिडिएटली", दिशा, आणि समोरच्या विमानाची माहिती. आवाज नेहमीच्या गतीनं. तुमचा सूर चढला की पायलटला शब्दांआधी घबराट ऐकू येते.

पायलटनं "टीकॅस आरए" म्हटलं तर मात्र थांबा. टीकॅस ही विमानातली टक्कर टाळणारी यंत्रणा, ती दोघांना परस्परविरुद्ध सूचना (आरए) देते, एकाला वर आणि एकाला खाली. तुम्ही मध्ये बोललात तर ती जोडी मोडते. १ जुलै २००२ च्या रात्री जर्मनीत युबरलिंगनवर हेच झालं. झुरिचला एकच कंट्रोलर दोन पडद्यांवर काम करत होता, दुसरा विश्रांतीला गेला होता, दुरुस्तीमुळे धोक्याची सूचना देणारी यंत्रणा पूर्ण चालत नव्हती आणि फोनही बंद होते. शेजारच्या केंद्राला टक्कर येताना दिसत होती, पण त्याला कळवता येईना. रशियन विमानाला टीकॅस वर जा म्हणत होतं, कंट्रोलर खाली. त्यांनी कंट्रोलरचं ऐकलं. समोरचं मालवाहू विमान टीकॅसच्या सांगण्यावरून खालीच येत होतं. ७१ माणसं गेली, त्यांत बरीच शाळकरी मुलं होती. तेव्हापासून नियम पक्का झाला: आरए आला की पायलट टीकॅसचंच ऐकणार. तुम्ही "रॉजर" म्हणा, आजूबाजूच्या विमानांना दूर ठेवा आणि "क्लिअर ऑफ कॉन्फ्लिक्ट" ऐकू येईपर्यंत त्या दोघांना एकही सूचना देऊ नका.

प्रसंग निभावला की पोझिशन दुसऱ्याकडे सोपवा. मला काही झालेलं नाही, मी चालवू शकतो, असं वाटेल. तरीही सोपवा, कारण पुढची दहा मिनिटं मन मागच्या मिनिटातच अडकलेलं असतं. मग रेडिओवरच्या बोलण्याची टेप ऐकण्याआधी कागद घ्या आणि वेळ, कॉलसाइन्स, उंची, तुम्ही काय बोललात, काय ऐकलंत असं तुम्हाला वाटतं, ते लिहून काढा. टेप ऐकल्यावर तुम्ही खरं काय ऐकलं होतं ते आठवणार नाही, आणि चूक समजून घ्यायला तेच सर्वांत उपयोगी असतं.

नोंद त्याच दिवशी करा. बेंगळुरूची ती घटना कुठल्याही नोंदवहीत लिहिली गेली नव्हती, हे नंतर डीजीसीएनं (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानं) सांगितलं तेव्हा मला त्या जवळ आलेल्या विमानांपेक्षा जास्त अस्वस्थ वाटलं होतं. लपवलेली चूक पुढच्या शिफ्टला तशीच वाट बघत बसलेली सापडते. सीनिअर मंडळींना माझी हात जोडून विनंती आहे: एखादा मुलगा किंवा मुलगी घाबरत घाबरत येऊन "सर, माझं सेपरेशन गेलं" असं सांगेल, त्या क्षणी आवाज चढवू नका. पाणी द्या, बसवा, त्याच्याबरोबर टेप ऐका. परत पोझिशनवर बसेल तेव्हा पहिले काही दिवस शेजारी कुणीतरी असू द्या, आणि सुरुवात कमी वाहतुकीच्या वेळेला करा.